तलावातली नाव आणि जाऊबाईंचं कुंकू

ती नाव कुणाची होती हे आजवर कुणाला कळलेलं नाही. कचेरीतली माणसं आली, पंचनामा केला, बेवारस म्हणून लिहिलं आणि चहा पिऊन निघून गेली. आमच्या घरात मात्र त्या मेल्या लाकडांनी काय करायचं ते करून ठेवलं. मी त्या नावेच्या नावानं पुष्कळ बोटं मोडली आहेत. अजूनही मोडते.

आम्ही तेव्हा बुऱ्हाणपुरात, राजपुऱ्यात राहायचो. घरात सासूबाई, माझे यजमान, मी आणि मोठ्या जाऊबाई. थोरले दीर तापीपलीकडच्या एका खेड्यात मास्तर होते. आठवडाभर तिकडेच राहायचे आणि शनिवारी शाळा सुटली की नावेनं घरी यायचे. माझं लग्न व्हायच्या आधीच्या पावसाळ्यात ते पोळ्याला म्हणून तिकडून निघाले आणि घरी पोचलेच नाहीत. मी त्यांना पाहिलेलंसुद्धा नाही, फक्त माजघरातला फोटो पाहिला. त्या दिवशी तापी दुथडी भरून चालली होती आणि एक नाव बुडाली होती. नाव सापडली नाही, माणसंही सापडली नाहीत.

एवढंच असतं तर रडून मोकळं होता आलं असतं. पण दीर त्या नावेत बसले होते असं छातीवर हात ठेवून सांगणारा कुणी नव्हता. आणि दिवसही कसले! संस्थानं एकामागून एक विलीन होत होती, निजाम तेवढा अडून बसला होता, आणि आमच्याकडची बरीच पोरं घरी न सांगता त्याच्या हद्दीत सत्याग्रहाला जात होती. दिरांच्या तोंडीही उठता बसता तोच विषय असायचा म्हणे. कुणी म्हणालं, त्यांना भुसावळच्या फलाटावर पाहिलं. कुणी म्हणालं, तिकडच्या तुरुंगात आहेत. पुढे निजामाचं राज्यही गेलं, तुरुंग उघडले, गल्लीतली गेलेली पोरं गळ्यात हार घालून परत आली. आमच्याकडे कुणी आलं नाही.

जाऊबाई सवाष्णच राहिल्या. कपाळावर ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, वटसावित्रीला वडाची पूजा. शनिवारी दोन भाकऱ्या जास्त थापायच्या आणि स्वतः सगळ्यांच्या मागून जेवायच्या. गल्लीतल्या बायका हळदीकुंकवाला त्यांना बोलवायच्या, पण कुंकू लावताना हात आखडायचा एकेकीचा. मला असा संताप यायचा! एकीला मी तोंडावर म्हटलं, लावायचं नसेल तर बोलावता कशाला? जाऊबाई मलाच रागावल्या.

सासूबाईंचं दुःख वेगळं होतं. त्यांनी अंथरूण धरलं होतं आणि त्यांना सारखं एकच स्वप्न पडायचं. मुलगा कमरेइतक्या पाण्यात उभा आहे आणि पाणी मागतो आहे. माझ्या लेकाला पाणी द्या रे, म्हणून त्या भर दुपारी ओरडत उठायच्या. त्यांना मुलाचे दिवस करायचे होते, त्याला गती द्यायची होती. भटजींनी सांगितलं की माणूस नुसता बेपत्ता असेल तर बारा वर्षं थांबावं लागतं. त्याआधी करायचं तर तो गेल्याची खात्री पाहिजे. बारा वर्षांना अजून पुष्कळ अवकाश होता आणि सासूबाईंचं तर उद्याचं खरं नव्हतं. असं त्या घरात एक बाई मुलाला पाणी मागत होती आणि दुसरी नवऱ्यासाठी भाकरी थापत होती. दोघी एकमेकींवर जीव टाकायच्या, हेच त्यातलं वाईट.

मग तो उन्हाळा आला. दापोऱ्याच्या वाटेवर एक जुना तलाव होता. पाणी आटलं की शेतकरी त्यातला गाळ केळीच्या शेतात टाकायला गाड्या भरभरून न्यायचे. त्या वर्षी पाणी फारच मागे गेलं, आणि गाळ काढता काढता उथळ पाण्यात एका मोठ्या नावेचा सांगाडा वर आला. दीर गेले त्या महापुराच्या वर्षी नदीचं पाणी नाल्यातून उलटं चढून तलावात शिरलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे संध्याकाळपर्यंत बातमी आमच्या दारात आली.

आख्खं बुऱ्हाणपूर लोटलं तिकडे. एक मास्तर म्हणाले, ही बादशाही जमान्यातली आहे. घाटावरचा एक नावाडी म्हणाला, आपलीच बुडालेली नाव. त्याचा सख्खा भाऊ म्हणाला, बिलकुल नाही, आपल्याकडे असलं लाकूड वापरतच नाहीत. दोघांत तिथंच जुंपली. बायकांनी तर तिला हळदकुंकू वाहून नारळही फोडला. माझे यजमान चार वेळा जाऊन आले आणि चारही वेळा काही कळत नाही म्हणाले. शेवटी भटजींनी तोड काढली. बाईनं स्वतः पाहावं. कुंकू तिचं आहे, ती हो म्हणाली तर खात्री झाली असं समजू, नाही म्हणाली तर थांबू.

निघताना सासूबाईंनी जाऊबाईंना जवळ बसवलं. त्यांचा हात धरून म्हणाल्या, "खरं असेल तेच सांग बाई. माझ्यासाठी म्हणून काही बोलू नकोस." हे बोलताना म्हातारीला किती कष्ट पडले ते मी पाहिलं. गाडीत बसल्यावर मी मात्र मनात एकच घोकत होते. नाही म्हणा, जाऊबाई, नाही म्हणा.

ऊन मी म्हणत होतं. तलावात गुडघाभर पाणी आणि त्यात ती काळी लाकडं, मेलेल्या म्हशीच्या फासळ्यांसारखी उघडी पडलेली. माणसं बाजूला झाली. जाऊबाईंनी लुगडं वर खोचलं आणि एकट्याच पाण्यात उतरल्या. नावेपाशी जाऊन तिच्या कडेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग परत फिरल्या. पाय चिखलानं भरले होते. डोळे कोरडे होते. भटजींसमोर येऊन म्हणाल्या, "हीच ती."

मला राहवेना. आमच्या घरातल्या सुना नदीच्या घाटावर जात नसत, हे मला पक्कं ठाऊक होतं. "मी नवऱ्याला उंबऱ्यातूनच निरोप देत आले, एकदासुद्धा नाव पाहिली नाही," हे जाऊबाईंनीच मला सांगितलं होतं. मी सगळ्यांसमोर विचारलं, "जाऊबाई, तुम्ही ती नाव कधी पाहिली होती?"

"पाहिली होती," त्या म्हणाल्या आणि गाडीत जाऊन बसल्या.

पुढचं सगळं भराभर झालं. तापीच्या काठी पळसाच्या पानांचा पुतळा केला, त्याला डोक्याच्या जागी नारळ ठेवला आणि माझ्या यजमानांनी त्याला अग्नी दिला. जाऊबाईंच्या बांगड्या फोडल्या तेव्हा मी सवाष्ण म्हणून मला आतल्या खोलीत बसवलं होतं. तरी आवाज आलाच. मी पदर तोंडात कोंबून रडले. देवाला नाही नाही ते बोलले.

सासूबाईंचं स्वप्न थांबलं. त्या जेवायला लागल्या, उठून बसल्या, पुढे काठी टेकत देवळातही जायला लागल्या आणि चांगल्या पुष्कळ वर्षं जगल्या. मला त्यांचा राग यायला हवा होता, पण आला नाही. आमची राजधानी नागपूरहून भोपाळला गेली, नकाशे बदलले, तरी जाऊबाई त्याच माजघरात पांढऱ्या लुगड्यात बसून होत्या. तलावातल्या नावेचं लाकूड लोकांनी चुलीला नेलं.

सासूबाई गेल्यानंतरची गोष्ट. आम्ही दोघी दुपारी वाती वळत बसलो होतो. मी म्हटलं, आता तरी सांगा, म्हातारीसाठीच खोटं बोललात ना?

"त्यांच्यासाठी नाही गं," जाऊबाई म्हणाल्या. "माझा जीव दमला होता वाट बघून. म्हटलं, संपू दे एकदाचं."

मी विचारलं, मग संपलं का?

त्यांनी हातातली वात पुरी केली, दुसरी घेतली. "आधी कडी वाजली की वाटायचं, आले. आता कडी वाजली की आतल्या खोलीत जाऊन बसते. जाळून मोकळी झाले मी त्यांना. खरंच आले तर काय तोंड दाखवू?"

त्या दिवसापासून आमच्याकडे कुणीही आलं की दार उघडायला मीच जाऊ लागले.