सरपंचांच्या कोंबड्याचा तपास

डोळखांबच्या पुढे एका गावात मी विज्ञान शिकवत होते, तेव्हा तिथल्या सरपंचांचा कोंबडा नाहीसा झाला. संशय लगेच पाड्यावरच्या एका मजुरावर गेला. पुरावा काही नव्हता. पण ग्रामसभेत रस्त्याचं काय झालं, हे विचारायची त्याला खोड होती.

विज्ञान प्रदर्शनासाठी मी ल्युमिनॉल मागवलं होतं, हे सरपंचांच्या कानावर गेलेलं. मजुराचा कोयता घेऊन ते शाळेत आले, मागे अर्धं गाव.

"बाई, ते रक्त चमकवणारं औषध काढा. टीव्हीवर बघतो आमी."

मी समजावलं, "ते रक्त ओळखत नाही. रक्तातल्या लोखंडामुळे रासायनिक क्रिया झपाट्याने होते आणि उजेड पडतो. लोखंड स्वतः खर्ची पडत नाही, बाकीच्यांना फक्त कामाला लावतं. त्याला उत्प्रेरक म्हणतात. पण हे काम गंजसुद्धा करतो, तांबंसुद्धा."

"म्हंजे आमच्यासारखंच," सरपंच खूश झाले. "आमी नुसता हात लावायचा, राबायचं लोकांनी. मारा फवारा!"

खिडक्यांवर ताडपत्री टाकून वर्गात अंधार केला. मी फवारलं. कोयत्याचं पातं निळं चमकलं.

"रगत!" सरपंच ओरडले. लोक मजुराकडे वळले. तो म्हणाला, "गंज हाय तो. पावसाळाभर वळचणीला पडला व्हता."

मला राहवलं नाही. सरपंचांच्या माणसाच्या कमरेला कोयता होता, तो मागून घेतला आणि फवारला. तोही चमकला. खिडकीचे गज चमकले. मग सरपंचांच्या घरून आणलेला, पाणी प्यायचा तांब्या चमकला. मागून एक म्हातारी म्हणाली, "आता काय तांब्यानं कोंबडा कापला का रं?" सगळा वर्ग हसला.

सरपंच मात्र डगमगले नाहीत. "आमच्या कोयत्यावर हाय तो गंज," त्यांनी निकाल दिला, "आणि याच्या कोयत्यावर रगत."

मजुराने माझ्या हातून आपला कोयता घेतला आणि तो चालू लागला. त्याच्या मागोमाग ती म्हातारी निघाली, मग बाकीचे. पहिल्यांदाच मला त्या गावात बरं वाटलं.

ते फार टिकलं नाही. प्रदर्शनाचं उद्घाटन सरपंचांच्याच हस्ते झालं. वैज्ञानिक दृष्टिकोनावर ते बराच वेळ बोलले, आणि रस्ता नसल्यामुळे तालुक्याचे पाहुणे पोचलेच नाहीत.