टाकीवरचा पोचा

कळंबोलीच्या ट्रकतळावर पत्र्याचे पोचे काढणारे ढिगाने होते. पोचा पाडणारा मात्र एकटा शौकत सरखोत. म्हणजे कसं, तर नवा पत्रा घ्यायचा आणि मोगरीने ठोकून, घासून, गंजवून असा करायचा की तो वीस वर्षं उन्हापावसात हिंडलाय असं वाटावं. हा गुण कोणाच्या काय कामाचा, असं त्याची बायको खदीजा अधूनमधून ऐकवायची. तिचंही खोटं नव्हतं. शौकतचे दोन्ही भाऊ आखातात जाऊन गावी श्रीवर्धनला बंगले बांधून बसले होते आणि हा इथे कानठळ्या बसवत होता. आपली कारागिरी एकदा तरी चार लोकांनी बघावी, हे त्याच्या मनात ठसठसत असायचं.

शहाण्णव साली तशी संधी चालून आली आणि तिनेच त्याचा घात केला.

कोणी एक कंपनी लढाईचा सिनेमा काढत होती. त्यांना महायुद्धातली फौजी मोटारसायकल हवी होती, आणि अख्ख्या परिसरात तशी एकच होती. खांदेश्वरला राहणाऱ्या सीताराम हवालदारांची. हवालदार तरुणपणी पलटणीत डाक पोचवायचे. पेन्शनीत निघाल्यावर लष्करी लिलावातून त्यांनी ही गाडी उचलली. आता वय पंचाहत्तर. काचबिंदूने नजर गेलेली, उजेड आणि अंधार तेवढा कळायचा. गाडी चालवणं कधीच सुटलं होतं, पण दर रविवारी सकाळी ते चाचपडत अंगणात यायचे आणि किक मारायचे. ताकदीचं नव्हे, अंदाजाचं काम. तिसऱ्या किकला गाडी धडधडू लागायची. स्वयंपाकघरातून त्यांच्या पत्नी मुक्ताबाई म्हणायच्या, "झालं, उठला पहिलवान."

गाडीची देखभाल शौकतच दर रविवारी येऊन करायचा, म्हणून सिनेमावाले त्याच्याकडे आले. एका दृश्यात गाडी धावणार होती, दुसऱ्यात जळणार होती. जळण्यासाठी शौकतने नकली बनवून द्यायची.

हवालदार तयार नव्हते. "तिला घराबाहेर काढायची नाय," एवढंच म्हणत राहिले. आठ दिवस शौकत त्यांच्या मागे लागला. "काका, इथे अंगणात कोण बघतंय तिला? पडद्यावर सगळी दुनिया बघेल. टाकीवर तुमच्या पलटणीचा नंबर रंगवतो. ओरखडा जरी आला ना, तर माझ्या तोंडावर थुंका. जबान देतो."

त्या शब्दावर गाडी बाहेर पडली. मुक्ताबाईंनी चौदा एप्रिलच्या मिरवणुकीतली निळ्या कापडाची पट्टी हँडलला बांधली.

नकली गाडी करताना शौकतने जीव ओतला. चौकट नळ्यांची, इंजिन लाकडाचं, टाकी पत्र्याची. बाकी सगळं तंतोतंत. टाकीच्या डाव्या अंगाला हवालदारांचा गुडघा टेकायचा तिथे एक पोचा होता, तोही त्याने बोटांनी मापून तसाच पाडला. जळून जाणाऱ्या वस्तूला एवढं कशाला, हे त्याला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं. गर्व झाला होता त्याला, दुसरं काय.

शूटिंग शिरवणे गावामागच्या दगडखाणीत होतं. स्फोट घडवणारा आप्पा नावाचा माणूस होता. शौकतने त्याला बजावलं, "निळी पट्टीवाली खरी. तिच्या जवळपास पण जायचं नाय." आप्पा म्हणाला, "टेन्शन नको घेऊ."

सकाळी खरी गाडी झोकात धावली आणि खाणीच्या मधोमध उभी राहिली. नकली गाडी कडेला शौकतच्या टेम्पोपाशी होती. आधीच्या दृश्यात जे दिसलं ते पुढच्यातही दिसलं पाहिजे, हे बघायला सुनीती नावाची मुलगी वही घेऊन फिरत होती. तिने नोंद केली, हँडलला निळी पट्टी. म्हणजे जळणाऱ्या गाडीलाही ती हवी. तिने खऱ्या गाडीची पट्टी सोडली, नकलीला नीट बांधली आणि जेवायला गेली. तिचं काम तिने चोख केलं.

जेवून आल्यावर आप्पाने खाणीत उभ्या गाडीखाली सुरुंगाची दारू लावली, वरून पेट्रोल ओतलं. मग लांबून हात करून विचारलं, "हीच ना?"

शौकतने टेम्पोकडे बघितलं. तिथल्या गाडीला निळी पट्टी होती, टाकीवर पोचा होता; जेवणाच्या सुट्टीत पोरांनी गाड्यांची अदलाबदल केली असणार, असं त्याने धरलं. त्याने मान हलवली.

गाडी उडाली तेव्हा तो टाळ्या वाजवत होता. नंतर पट्टीवाली गाडी टेम्पोत चढवायला गेला. खरी गाडी चढवायला तीन माणसं लागायची. ही एका हाताने उचलली गेली.

खरं बोलायची त्याची छाती झाली नाही. आंधळा म्हातारा, हुबेहूब गाडी, खाणीतली धूळ गेल्यामुळे चालू होत नाही म्हणून सांगता येईल, असा विचार त्याने केला. वाईट विचार होता आणि तो त्याने शुद्धीत केला. नकली गाडी घेऊन तो खांदेश्वरला गेला.

हवालदार बाहेर आले. त्यांनी हँडलची पट्टी चाचपली, सीट चाचपली. डाव्या बाजूच्या पोच्यात बोटं घातली आणि हसले. "आली बाय माझी." शौकतने श्वास सोडला. तेवढ्यात म्हाताऱ्याने किकवर पाय ठेवला. रविवार नव्हता, पण ठेवला. किकची नळी तुटून फरशीवर वाजली.

मुक्ताबाई दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या.

"माझी कुठं हाय?" हवालदारांनी विचारलं.

शौकतने सगळं सांगितलं. पट्टीचं सांगितलं, आपण मान हलवल्याचंही सांगितलं. म्हाताऱ्याने शेवटी एकच विचारलं, "जळली तवा पळत होती का उभी?"

पळत होती म्हटलं असतं तर म्हातारा कदाचित तेवढ्यावर जगला असता. शौकतला ते कळत होतं. पण आणखी एक नकली वस्तू त्या अंगणात ठेवायची त्याची हिंमत होईना.

"उभी होती, काका."

हवालदारांनी हँडलची पट्टी सोडली, घडी करून खिशात ठेवली आणि भिंतीला हात लावत आत गेले. मुक्ताबाईंनी तुटलेली किक उचलून शौकतच्या हातात दिली.

"ही पन ने," त्या म्हणाल्या. "आनि रविवारी इकडे येत जाऊ नको."