औषध न पोचलेलं गाव

ऐंशी साल नुकतंच उलटलं होतं. बेळगावातल्या एका दवाखान्याच्या प्रयोगशाळेत मी लघव्या आणि थुंक्या तपासायचो. प्रयोगशाळेला नवी खोली मिळाली होती आणि तिचं उद्घाटन एका मंत्र्यांच्या हातून व्हायचं होतं. मंत्र्यांना काहीतरी दाखवायला हवं. जंतू डोळ्यांना दिसत नाहीत, ही आमच्या धंद्यातली जुनी अडचण.

आमच्या प्रमुखांनी, म्हणजे साहेबांनी, तोड काढली. काचेच्या बशीत जंतू पसरायचे आणि वर औषधात भिजवलेल्या कागदाच्या टिकल्या ठेवायच्या. औषध लागू पडत असेल तर टिकलीभोवती जंतू वाढत नाहीत. चंद्राला पडतं तसं स्वच्छ खळं पडतं. आमच्या रोग्यांच्या जंतूंची खळी अलीकडं आक्रसत चालली होती, काहींची पडतच नव्हती. औषधांत राहून जंतू निर्ढावले, असं साहेब म्हणत, आणि ते खरंच होतं. म्हणून शेजारी दुसरी बशी हवी होती, जिथं औषध कधी पोचलंच नाही तिथल्या जंतूंची. ‘इकडे बिघडलेले, तिकडे निरागस,’ साहेब म्हणाले. जंतूंना निरागस म्हणणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता.

तसं ठिकाण मला ठाऊक होतं. जांबोटीच्या पुढं रानात माझी आत्ती, वडिलांची थोरली बहीण, एकटी राहायची. बसमधून उतरून दोन तास चालायचं. तिथं ना दवाखाना, ना दुकान. घराखाली भाताची खाचरं, आणि बांधावरच्या मोठ्या झाडावर बगळ्यांची वस्ती. त्यांची विष्ठा आणायची ठरली.

बेळगावचा माणूस पाहुण्याकडं जाताना खव्याचा कुंदा नेतो. मीही न्यायचो, आणि सोबत जंतू मारणाऱ्या दोन जातींच्या पिशवीभर कॅप्सूल. दवाखान्यात मुदत संपलेल्या कॅप्सूल टाकून द्यायच्या असत. आम्ही त्या घरी नेत असू. टाकायचं म्हणजे आमच्या जिवावर येतं. आडरानात राहणाऱ्या बाईला अडीअडचणीला असाव्यात, एवढाच माझा विचार.

या वेळी अडचण आलेलीच होती. आत्तीला आठ दिवस थंडी वाजून ताप येत होता, लघवीला आग होत होती. धण्याचं पाणी पिऊन झालं होतं. झाडाखालचा नमुना घेतल्यावर मी तिच्याही लघवीचा घेतला.

‘पाखरांचं न्हेतोस ते न्हे,’ ती म्हणाली. ‘माझं कशाला रं? मंत्र्याला दावतोस?’

कॅप्सूल सहा-सहा तासांनी घे, असं तिला दोनदा बजावून मी निघालो.

तिसऱ्या दिवशी सकाळी दोन्ही बश्या समोर ठेवल्या. बगळ्याच्या बशीत माझ्या कॅप्सूलमधल्या दोन्ही औषधांच्या टिकल्यांभोवती खळं नव्हतं. जंतू टिकलीला खेटून वाढले होते. आत्तीची बशी अगदी तशीच. दोन्हींत खळं होतं ते फक्त एका इंजेक्शनच्या औषधाला. साहेब म्हणाले, टिकल्या शिळ्या असतील. नव्या घेऊन पुन्हा केलं. तेच. मग साहेबांनी कपाटातला एक जुना, आज्ञाधारक जंतू काढून बशीला ‘रानातील’ अशी चिठ्ठी लावली. मंत्री अर्थातच प्रभावित झाले, असं ऐकतो, मी तिथं नव्हतो. मी जांबोटीच्या बसमध्ये बसून हिशेब करत होतो: गोळ्या सुरू करून पाच दिवस झाले, त्या लागू पडणार नाहीत, आणि लागण मूत्रपिंडापर्यंत गेली असेल तर हातात किती दिवस उरले.

आत्ती भिंतीला टेकून बसली होती. अंग तव्यासारखं तापलेलं. गोळ्या संपल्या का, विचारलं.

‘मी कुठं घेतल्या? कोंबड्यांस्नी लागत्यात त्या.’

मला नीट कळलं नाही. मग तिनं कौतुकानं सांगितलं. पूर्वी पाऊस लागला की मर यायची आणि खुराडं रिकामं व्हायचं. मी गोळ्या आणायला लागल्यापासून ती रोज दोन फोडून पाण्यात घालत होती. ‘चार वर्सं झाली, एक कोंबडी मेली न्हाय. लई गुणाच्या हैत.’

परसात जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, परात होती. पाणी पिवळसर. कोंबड्या पीत होत्या, पलीकडून दोन कावळे पीत होते, आणि कोंबड्यांनी उकरून घाण केलेल्या शेणाच्या ढिगावर बगळे किडे टिपत होते. औषध न पोचलेल्या त्या गावी औषध पोचलं होतं, आणि पोचवणारा मी होतो. यावरून काही सिद्ध होत नाही, हे मला कळत होतं. बगळे उडतात, शहराच्या गटारावरही बसतात. पण त्या दुपारी गटाराची मला फारशी मदत झाली नाही.

परात उचलली आणि तशीच धरून उभा राहिलो. ओतायची कुठं? खाली खाचर, खाचराखाली ओढा, आणि त्याचंच पाणी आत्ती प्यायची. शेवटी चुलीतल्या राखेवर ओतली. शहाणपणाचं होतं की नाही, अजून सांगता येत नाही.

पलीकडच्या वाडीतली माणसं जमवून तिला डोलीत घालून बसपर्यंत आणलं. आमच्या दवाखान्यात आठवडाभर रोज दोन वेळा तेच इंजेक्शन दिलं. पहिले दोन दिवस मी तिच्या कपाळावरचा हात काढला नाही. तिसऱ्या दिवशी ताप उतरायला लागला आणि मी पहिल्यांदा पोटभर जेवलो.

घरी जायच्या दिवशी ती खाटेवर बसून लुगडं सारखं करत होती. नजर टेबलावरच्या इंजेक्शनच्या बाटल्यांवर.

‘हे औषध चांगलं हाय की,’ ती म्हणाली. ‘ह्याची मुदत कधी संपत्ये रं?’