लाइन आधी, इसबगोल नंतर

"लाइन आधी," म्हणत त्या पेला बाजूला ठेवायच्या, आणि माझ्या डोक्यात तिडीक जायची.

बीदरच्या टेलिफोन ऑफिसात त्या आम्हा ऑपरेटर मुलींच्या प्रमुख. सगळ्या त्यांना अक्का म्हणायच्या. एकदा त्यांचं रक्त तपासलं तेव्हा कोलेस्टेरॉल बरंच वाढलेलं निघालं. डॉक्टरांनी गोळ्या दिल्या, तळलेलं बंद केलं आणि जेवणाआधी पेलाभर पाण्यातून दोन चमचे इसबगोल घ्यायला सांगितलं. "नुसत्या इसबगोलावर भागणार नाही, पण त्याची मदत होते. ढवळलं की लगेच प्यायचं," हे त्यांनी माझ्यादेखत दोनदा बजावलं.

अक्का ढवळायला लागल्या की बोर्डावर दिवा लागायचा. पेला खाली, हेडफोन कानाला. कुणाला हैदराबाद हवं असायचं, कुणाला उदगीर. लाइन जोडून त्या वळेपर्यंत पेल्यात खळ झालेली. चमचा उभा राहायचा.

"आता हे काय पिऊ? पुस्तकं चिकटवावीत यानं," म्हणून त्या हसायच्या. मला हसू यायचं नाही. साऱ्या जगाची कामं वेळेवर आणि स्वतःचं औषध मोरीत, असं माणूस तुम्हीही पाहिलं असेल.

तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं. आकडा जवळपास तोच.

"काही गुण न्हाई बघ त्या भुशाला."

"अक्का, पोटात गेलं तर गुण येईल ना! तुम्ही तर ते मोरीला पाजायलात, अन् गोळ्या पाकिटातच."

सगळं ऑफिस हसलं. जेवणाच्या सुट्टीत अक्का मला म्हणाल्या, "माझा बाप हुलसूरला वारला, तवा मी इथंच बोर्डावर होते. तिकडचे लोक फोन लावून लावून थकले, लाइन कुणी दिली न्हाई. मला कळलं तवा माती झाली होती. आता दिवा दिसला की हात थांबत न्हाई गं."

दुसऱ्या दिवसापासून औषधाच्या वेळेला मी माझ्या बोर्डाबरोबर त्यांचाही सांभाळू लागले. गोळी पोटात आणि पेला रिकामा दिसेपर्यंत त्यांना खुर्ची द्यायची नाही. पुढच्या तपासणीत आकडा खाली आला. असंच चालू ठेवा, डॉक्टर म्हणाले.

आणि माझी बदली गुलबर्ग्याला झाली.

रोज सकाळी तिथून बीदरची लाइन तपासायच्या निमित्तानं मी विचारायचे, "अक्का, काल घेतलं का?"

"व्हय, घेतलं."

वर्षभर हेच. मी निश्चिंत.

एका सकाळी फोन दुसऱ्याच मुलीनं उचलला. आदल्या दुपारी अक्का छातीत कळ येऊन गेल्या होत्या.

मी बीदरला त्यांच्या घरी गेले. धाकटी बहीण म्हणाली, "गोळ्या अन् इसबगोल, दोन्ही कवाच सोडलं होतं तिनं. म्हणायची, त्या पोरीला सांगू नको, उगं काळजी करत बसंल."

घेतलं असतं तर त्या वाचल्याच असत्या, असं कुणी डॉक्टरही सांगणार नाही. तेवढं मला कळतं. पण वर्षभर रोज खोटं बोलल्या माझ्याशी! भांडायला तरी समोर असायला हव्या होत्या.

बहिणीनं चहा पुढं केला. माझ्याकडे बघत विचारलं, "राग आलाय व्हय तुमाला तिचा?"

"व्हय."

"मलाबी," ती म्हणाली, आणि माझ्या शेजारी भिंतीला टेकून बसली.