रुमानाची म्होरकी

रुमाना शेखच्या डाव्या हाताला अडीच बोटं आहेत. अंगठा, तर्जनी आणि मधलं अर्धं. येरवड्यातल्या आमच्या जनावरांच्या दवाखान्यात येणाऱ्यांना वाटतं, कुठल्यातरी कारखान्यात प्रेसखाली हात गेला असेल. ती कुणाचा गैरसमज दूर करत नाही. मी तिथे केसपेपर लिहितो. तीन वर्षं शेजारी बसूनही मी तिला कधी विचारलं नव्हतं. पुण्यात याला सभ्यपणा म्हणतात.

गेल्या एप्रिलमध्ये वाघोलीहून दिग्विजय नावाचा आयटीतला एक तरुण आपला हस्की कुत्रा घेऊन आला. अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट, एसी बंद पडलेला, बाहेर एकेचाळीस अंश. कुत्रा आडवा पडून धापा टाकत होता. डॉक्टर यायच्या आत रुमानाने त्याला ओल्या चादरीवर घेतलं, पोटावर पाणी सोडलं, आणि मग सवयीने एकेक पंजा उचलून बोटांच्या फटी तपासल्या. कुत्रा वाचला. या जातीचं तुम्हाला एवढं कसं माहीत, असं दिग्विजयने विचारलं, तेव्हा ती म्हणाली, "मी अशा आठ कुत्र्यांची गाडी हाकायचे. नॉर्वेत."

तो हसला. मी हसलो नाही, कारण रुमानाला चेष्टा करताना मी कधी ऐकलेलं नव्हतं. त्यानंतरच्या काही महिन्यांत, एका इंजेक्शनच्या आणि दुसऱ्या पट्टीच्या मधे, तिने मला सगळं तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. मी ते फक्त ओळीने लावतो आहे.

तिचे अब्बा, शमशुद्दीन शेख, कॅम्पात खोगिरं शिवायचे. रेसकोर्सवरच्या घोड्यांचे लगाम, तंग, पट्टे त्यांच्याकडे दुरुस्तीला येत. रुमाना शाळेतून थेट दुकानात जायची. एका शिवणीला दोन सुया, दोन्ही हातांनी एकाच भोकातून आरपार, हे तिला दहाव्या वर्षी येत होतं. पट्टा कुठे घासतो हे जनावराकडे बघून ओळखायचं, चामड्याकडे बघून नाही, असं अब्बा सांगत. पुढे ती बीकॉम झाली, खालिदशी लग्न झालं, आणि २०१४ साली खालिदला त्याच्या कंपनीने नॉर्वेच्या अगदी उत्तरेकडच्या एका गावी पाठवलं. तिथे हिवाळ्यात दोन महिने सूर्य उगवत नाही. खालिद कामावर जायचा. रुमाना खिडकीत बसायची.

गावाबाहेर सुन्निवा नावाची साठीतली बाई चाळीस कुत्री पाळून होती. बर्फावर घसरणारी बिनचाकाची गाडी कुत्र्यांना जुंपून शेकडो किलोमीटर जायचं, हा तिथला जुना प्रवास आणि आताचा खेळ. रुमाना एकदा नुसती बघायला गेली. एका कुत्र्याच्या काखेत पट्ट्याने कातडी सोललेली दिसली. तिने खुणेनेच सुई मागितली, दाभण मिळालं, आणि तासाभरात पट्ट्याचा सांधा बदलून दिला. सुन्निवाने तो कुत्र्यावर चढवून पाहिला आणि दुसऱ्या दिवशी यायला सांगितलं.

ती पाच हिवाळे जात राहिली. आधी शिवण, मग विष्ठा उचलणं, मग मासे तोडून शिजवणं, मग जुंपणं. दुसऱ्या वर्षी एका कुत्रीला तीन पिल्लं झाली आणि नावं ठेवायचं काम सुन्निवाने तिला दिलं. तिने ठेवली जिरे, मिरी आणि लवंग. लवंग काळी, किडकिडीत, कुणाच्या मांडीवर न येणारी. पण दोन वर्षांची झाल्यावर तिला सगळ्यांत पुढे जुंपलं आणि ती म्होरकी झाली. हाक दिली की डावं-उजवं ओळखायची. बर्फाखाली वाट कुठे आहे हे तिच्या पायांना कळायचं. रुमाना सांगते की अब्बांच्या नंतर इतकं मन लावून आपलं कुणी ऐकलं नव्हतं.

लहान शर्यती झाल्या. पहिलीत ती शेवटून दुसरी आली, तिसरीत नववी. २०१९च्या मार्चमध्ये मोठी शर्यत होती, साडेसहाशे किलोमीटरची. खालिदचं काम मे महिन्यात संपणार होतं, म्हणजे हा शेवटचा हिवाळा. इकडे येरवड्यात तिच्या गल्लीच्या तोंडावर शुभेच्छांचा फलकही लागला. त्यावर तिच्या फोटोशेजारी कुणीतरी लांडगा छापला होता.

चौथ्या दिवशी ती पस्तीस गाड्यांमध्ये आठवी होती. शेवटून दुसऱ्या थांब्यावर सक्तीची विश्रांती असते. तिथे पशुवैद्य प्रत्येक कुत्रा तपासतात. आजारी कुत्रा तिथेच सोडून पुढे जाता येतं. पण बाकीची सात कुत्री कोवळी होती, म्होरक्याची जागा त्यांतल्या कुणालाच घेता आली नसती. लवंगला सोडणं म्हणजे शर्यत सोडणं.

लवंगने माशाच्या रश्श्यात नाक घातलं आणि तोंड फिरवलं. रुमानाने हातावर चरबीचा तुकडा धरला. लवंगने तो तोंडात घेतला आणि बर्फावर टाकला. रुमानाने त्यावर पायाने बर्फ लोटला.

पशुवैद्य तरुण होती, दोन दिवस जागी. तिने ठोके मोजले, पंजे पाहिले आणि विचारलं, "खाल्लं का हिने?"

"हो, खाल्लं," रुमाना म्हणाली.

पुढे नव्वद किलोमीटर राहिले होते. दुपारी उघड्या पठारावर वादळ आलं. कुत्र्यांच्या रांगेपलीकडे काही दिसेना. लवंग ओढत होती. दोरी ताठ होती, शेपूट खाली, पण पावलं पडत होती. मग एकाएकी तिचे मागचे पाय दुमडले आणि ती बसली. रुमाना पोहोचेपर्यंत ती कुशीवर पडली होती. कडी सोडायला रुमानाने हातमोजे काढले, ते वाऱ्याने गेले. तिने छाती दाबली, नाकपुड्यांत तोंडाने हवा भरली. किती वेळ ते तिला सांगता येत नाही. लवंगचं तोंड रक्ताने भरलेलं होतं.

तिने लवंगला गाडीतल्या पिशवीत ठेवलं. सात कुत्री म्होरकीशिवाय हलेनात. तेव्हा पुढची दोरी डाव्या हाताला गुंडाळून ती स्वतः त्यांच्यापुढे चालू लागली. नऊ किलोमीटरवर संकटकाळासाठी बांधलेली झोपडी होती. तिथे पोहोचली तेव्हा दोरी कापून काढावी लागली, कारण बोटं उघडत नव्हती.

सहा दिवसांनी, हाताला पट्ट्या असताना, चौकशी झाली. लवंगच्या पोटात व्रण होता, तो फुटला होता. मुख्य पशुवैद्याने सांगितलं की बाहेरून असं काही कळत नाही, दोष कुणाचाच नाही. कागद तयार होता, रुमानाची सही बाकी होती. रुमाना म्हणाली, "तिने खाल्लं नव्हतं. मला विचारलं तेव्हा मी खोटं बोलले."

तिला तीन वर्षांची बंदी झाली. सुन्निवा तिला गाडीतून घरी सोडायला आली. दारात म्हणाली, "खरं सांगितलंस ते तुझ्यासाठी. लवंगला त्याचा उपयोग नाही." त्यानंतर रुमाना त्या कुत्र्यांकडे गेली नाही. कुणी बोलावलंही नाही.

एप्रिलमध्ये खालिदचं काम दोन वर्षांसाठी वाढवून मिळालं. म्हणजे तो हिवाळा शेवटचा नव्हताच. खालिद वाईट माणूस नाही, असं ती आवर्जून सांगते. हातावर उपचार चालू असताना तिथल्या इस्पितळात तो रोज तिच्या उशाशी बसला होता. पण एकदा त्याच्या तोंडून गेलं की शेवटी कुत्राच होता. जूनमध्ये ती थोड्या दिवसांसाठी म्हणून पुण्याला आली आणि परत गेलीच नाही. दोन वर्षांनी तलाक झाला, तोही न भांडता.

गल्लीतला फलक उन्हाने पांढरा पडून अजून लटकत होता. सत्कार करणार होते त्यांनी विषय काढला नाही. अब्बांनी तिचा हात हातात घेतला, चामडं तपासावं तसा उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, "चूक कुणाची?"

"माझी."

त्यांनी मान हलवली. पुढे कधी विचारलं नाही. ती दुकानात बसू लागली, पण दोन सुयांची शिवण तिच्या डाव्या हातात राहिली नव्हती. अब्बा शिवायचे, ती मेण लावून दोरा द्यायची. २०२१च्या मे महिन्यात करोनाने ते गेले. तिने दुकान सोडलं आणि वर्षभराने आमच्याकडे लागली.

इथे ती जनावरं धरते, जखमा धुते. एक गोष्ट मात्र मी पहिल्यापासून पाहत आलो होतो. मालकाने सकाळी खाल्लं म्हणून सांगितलं की ती मान डोलावते आणि वाटीत दूधभात घेऊन स्वतः जनावराच्या तोंडापुढे धरते. डॉक्टर घाईत असल्या तरी. मला तो तिचा हट्ट वाटायचा.

या जानेवारीत सुन्निवाचा फोन आला, सात वर्षांत पहिलाच. मिरी गेली होती. तिघींतली शेवटची. वय झालं होतं, झोपेत गेली. रुमानाने दोन-चार प्रश्न विचारले आणि फोन ठेवला. त्या दिवशी ती आपण होऊन बोलली. म्हणाली, "लवंग का थांबली नाही, माहीत आहे? तिला वाटलं, मला कळतंय. मी हाकतेय म्हणजे ठीकच असणार."

मी काहीतरी बोलायचं म्हणून बोललो. तिच्या जागी कुणीही असतं तरी हेच केलं असतं, असं काहीसं.

"नाही," ती म्हणाली. "त्याच थांब्यावर तिघांनी माघार घेतली होती. एक तर माझ्या पुढे होता."

बाहेर एक बाई मांजर घेऊन उभी होती. रुमानाने हात धुतले, टेबलावर धुतलेली चादर पसरली आणि मला केसपेपर काढायला सांगितला.