बाबांच्या रक्ताचा आकडा

स्पिरिटचा वास आला की नारपोलीतली आमची खोली आठवते. लूमवर तुटलेले धागे जोडण्यात आयुष्य घालवलेल्या बाबांची बोटं मोटर न्यूरॉनच्या आजाराने लुळी पडली होती, आणि संशोधनासाठी त्यांचं रक्त घ्यायला एक मुलगी आली होती. मज्जातंतू झिजले की रक्तात एक प्रोटीन वाढतं, ते मोजायचं होतं. "वाढलं तर औषध हाय का?" बाबांनी अडखळत विचारलं. "नाही काका, आजाराचा वेग फक्त कळतो," शेजारच्या लूमच्या खडखडाटात तिला हे ओरडून सांगावं लागलं. पुढे डॉक्टरांनी मला फोनवर आकडा सांगितला, तो फारच वाढलेला होता. "बरा आहे," मी बाबांना म्हणालो. तेव्हा त्यांना अजून बोलता येत होतं; थोड्याच दिवसांत वाचाही गेली. शेवटचं काही सांगायचं असेल, तर ते माझ्या खोट्यामुळे राहून गेलं.