सांबारवडीला चाळीस अंगठे

वर्गात "समजलं का?" विचारलं की आमची पोरं खाली माना घालतात. तोच प्रश्न व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर टाका, पाच मिनिटांत चाळीस अंगठे! मी एमएला संख्याशास्त्र शिकवतो. ते अंगठे पाहून माझी छाती फुगायची, खोटं कशाला बोलू?

त्या शनिवारी मी एका गणिताचा फोटो ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "नीट पाहा, परीक्षेत हमखास येतं." धडाधड अंगठे. "एकदम क्लिअर, सर!" मी खुशीत जेवायला बसलो.

तेवढ्यात एका मुलीचा वेगळा मेसेज आला. शिकायला गावाहून येऊन वाडीत खोली करून राहणारी, मागच्या बाकावरची, वर्गात कधी तोंड न उघडलेली पोरगी. "सर, सगळ्यायले समजलं, मलेच नाही समजून राहिलं. यात एक जुडी सांबार कायले घेतला?"

सांबार म्हणजे आमच्याकडे कोथिंबीर. फोटो उघडतो तर काय! सक्करदऱ्याला राहणाऱ्या बहिणीनं फोनवर सांगितलेली सांबारवडीची कृती, माझ्याच अक्षरात. गणित राहिलं शेजारच्या पानावर. हात्तिच्या! चाळीस जणांना सांबारवडी क्लिअर झाली होती. मी इतका हसलो की ठसका लागला, बायको पाणी घेऊन धावली.

"चूक माझी, पोरी," असं लिहायला गेलो, तर वर तिचा जुना मेसेज दिसला. आठवड्यापूर्वीचा. "सर, सगळे पुढं गेले, मले काहीच येत नाही. कोर्स सोडून घरी जाऊ का?"

त्यावर मी अंगठा दिला होता.

शरमेनं मेलो. घाईघाईत, न वाचताच दिला असणार. उष्ट्या हातानंच फोन लावला.

"तू जात नाहीस ना?"

"बाबाले तुमचा अंगठा दाखवला, सर. उद्या गाडी घेऊन येऊन राहिले."

"काहून पण? मी वाचलंच नव्हतं वं पोरी! बाबाचा नंबर दे, आत्ताच बोलतो."

तिच्या बाबांना फोन लावून सगळं सांगितलं. "पाहू," एवढंच म्हणाले.

सोमवारी वर्गात शिरलो, तर मागच्या बाकाकडे पाहायची हिंमत होईना. फळ्याकडे तोंड करूनच विचारलं, "मागचं कोणाला नाही समजलं?"

"मले नाही समजलं, सर."

आवाज मागच्या बाकावरून आला होता. मी खडू उचलला आणि पहिल्यापासून सुरू केलं.